पुढचा क्रमांक कोण देणार?

भोर किंवा वेल्हे तालुक्यातल्या एखाद्या गावचा सातबारा पाहिला, तर खातेदाराच्या नावासमोर एक आकडा दिसतो. हा फेरफाराचा क्रमांक. जमीन वारसाने आली की खरेदीने, सोसायटीचा बोजा कधी चढला, भावाभावांत वाटप कधी झाले, हा सगळा वृत्तान्त त्या आकड्यामागे असतो. आकडा घेऊन गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, उघडली की नोंद सापडते. जमीन घेण्याआधी वकील जो सर्च रिपोर्ट तयार करतात, तोही असाच एकेका क्रमांकाला धरून मागे मागे जात तयार होतो.

हा क्रमांक गावापुरता असतो. विंझरला फेरफार ४१२ असेल, तसा तो नसरापूरलाही असू शकतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. गावाचे नाव सोडून नुसते ‘फेरफार ४१२’ म्हटले तर त्याला अर्थ उरत नाही. म्हणजे या दोन तालुक्यांत मिळून शेकडो मोजण्या शेजारी शेजारी चालू आहेत. प्रत्येक गावची आपली, आपल्या गतीने पुढे जाणारी. महामार्गालगतच्या वेळूसारख्या गावात जमिनीचे व्यवहार भराभर होतात, तिथली मोजणी झपाट्याने धावते. डोंगराच्या कुशीतल्या केळदसारख्या गावात ती संथ चालते.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधल्या कलम १५० ने या नोंदवहीची शिस्त ठरवून दिली आहे. तलाठी नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा नामंजूर करतो. या लेखाच्या विषयाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. नोंद नामंजूर झाली तरी तिचा क्रमांक मोकळा होत नाही. तो क्रमांक, ती नोंद आणि नामंजुरीचा शेरा तिथेच राहतो आणि पुढची नोंद पुढचा आकडा घेते. दस्तनोंदणीचेही तसेच आहे. नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ५३ सांगते की प्रत्येक पुस्तकातल्या नोंदींना सलग क्रमांक द्यायचे आणि ही मालिका दर वर्षी नव्याने सुरू करायची. सलग, हा शब्द कायद्यातच आहे. मध्ये आकडा गायब असेल तर कोणीतरी पान फाडले काय, हा प्रश्न विचारायला वाव राहतो. सलग क्रमांक ही कागदी जमान्यातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीची राखण होती.

ही नोंदवही संगणकावर आली तेव्हा काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्त आणि संचालक भूमि अभिलेख कार्यालयाच्या देखरेखीखाली ई-फेरफार प्रणाली राज्यभर उभी राहिली, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करून संगणकातल्या आणि हस्तलिखित सातबारातल्या चुका ताडून पाहिल्या गेल्या आणि १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांच्या हाती आला. या सगळ्या प्रवासात गावाची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली नाही. हस्तलिखित वही जिथे थांबली, तिथून पुढच्या आकड्यापासून संगणक चालू लागला. याचा अर्थ असा की गावागणिक संगणकाला सांगावे लागते : या गावात शेवटचा आकडा अमुक, आता तू त्याच्या पुढून दे. जुन्या नोंदी कितीही काळजीपूर्वक टंकून घेतल्या तरी हे एक वाक्य सांगायचे राहिले, तर पहिलीच नवी नोंद चुकीच्या क्रमांकाने जन्माला येईल.

डेटाबेसच्या जगात नेमका हाच प्रश्न गेली कित्येक वर्षे ठाण मांडून बसला आहे. कागदावरून संगणकावर जाताना नव्हे, एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना.

पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस आहे. माझे पुढचे सगळे विवेचन त्याच्याबद्दल आहे. आपल्या सरकारी प्रणालींच्या पोटात काय आहे, याबद्दल नाही. पोस्टग्रेसमध्ये क्रमांक देण्याचे काम ‘सीक्वेन्स’ नावाची एक वेगळी वस्तू करते. तक्ता वेगळा, सीक्वेन्स वेगळा. तक्त्यात नोंदी असतात. सीक्वेन्सकडे एवढीच माहिती असते की शेवटचा आकडा कोणता दिला आणि पुढचा किती अंतरावर आहे. नवी ओळ घालताना ‘नेक्स्टव्हॅल’ हे फंक्शन सीक्वेन्सला पुढचा आकडा मागते, आणि तो आकडा ओळीत लिहिला जातो. ओळीत लिहिलेला आकडा हा इतिहास झाला. पुढचा आकडा कोणता, हे ज्ञान मात्र सीक्वेन्सजवळच राहते.

आता प्रत ठेवण्याकडे वळू. महत्त्वाचा डेटाबेस कोणीही एकाच यंत्रावर ठेवत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात मूळ सर्व्हरच्या डिस्कवर जो बदल होतो तो जसाच्या तसा, पान अन् पान, दुसऱ्या यंत्रावर जातो. याला भौतिक प्रतिकरण म्हणू. त्यात सीक्वेन्सही आपोआप जातो, कारण तोही डिस्कवरचे एक पानच आहे. पण हा मार्ग ताठर आहे. दोन्हीकडे डेटाबेसची मुख्य आवृत्ती एकच लागते आणि प्रत घ्यायची तर सगळ्याचीच घ्यावी लागते.

दुसरा मार्ग तार्किक प्रतिकरणाचा, म्हणजे लॉजिकल रेप्लिकेशनचा. ही सोय पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीत, २०१७ मध्ये, मुळातच सामील झाली. यात पानांची नक्कल होत नाही, घटनांची होते. मूळ सर्व्हर म्हणजे पब्लिशर सांगतो, ‘या तक्त्यात ही ओळ आली, त्या ओळीत हा बदल झाला, ती ओळ गेली’. दुसरा सर्व्हर म्हणजे सबस्क्रायबर त्या घटना आपल्याकडे पुन्हा घडवतो. हवे तेवढेच तक्ते पाठवता येतात. दोन्हीकडे वेगळी आवृत्ती चालते. त्यामुळे जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाताना काम तासन्‌तास बंद ठेवावे लागत नाही : नव्या सर्व्हरवर आधी सगळे भरून घ्यायचे, तो जुन्याच्या बरोबरीने आला की काही मिनिटांत कारभार तिकडे वळवायचा. मोठ्या कारभारात हा मार्ग लोकप्रिय झाला तो याच कारणाने.

आणि गोची याच मार्गावर आहे. ओळी जातात, सीक्वेन्स जात नाही. पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजात मर्यादांच्या यादीत हे वर्षानुवर्षे स्पष्ट लिहिलेले आहे. ओळीतला आकडा ओळीबरोबर पोचतो, पण पलीकडचा सीक्वेन्स सुरुवातीच्याच किमतीवर उभा असतो.

समजा, एका तालुक्याच्या अर्जांचा तक्ता आहे आणि त्यात ५२,००० अर्ज आहेत. रविवारी रात्री कारभार नव्या सर्व्हरवर हलवला. ओळी मोजल्या, दोन्हीकडे ५२,०००. रकमा जुळल्या. सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. सोमवारी सकाळी पहिला अर्ज भरला गेला. नव्या सीक्वेन्सने दिला आकडा १. तक्त्यात १ क्रमांकाचा अर्ज आधीच आहे. डेटाबेसने चूक दाखवून नोंद नाकारली. पुन्हा प्रयत्न केला, आकडा २. तोही घेतलेला. काउंटरवर माणसे उभी आहेत आणि प्रणाली प्रत्येकाला परत पाठवते आहे.

ही झाली सुदैवी अवस्था. नाकारणारी चूक निदान ओरडून सांगते. क्रमांक एकमेव असलाच पाहिजे असा निर्बंध तक्त्यावर घातलेलाच नसेल, तर एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी निमूट शेजारी बसतात आणि महिन्यांनी कोणीतरी एक कागद मागितल्यावर दोन निघतात. जमिनीच्या बाबतीत हा निव्वळ तांत्रिक दोष राहत नाही, दिवाणी दावा होतो.

एवढी साधी वाटणारी वस्तू इतकी वर्षे प्रतिकरणाबाहेर का राहिली? याचे उत्तर सीक्वेन्सच्या स्वभावात आहे, आणि मला तो या विषयाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

डेटाबेसमध्ये व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, पूर्ण तरी होतो किंवा मागे तरी घेतला जातो. मागे घेतला की त्यातले सगळे पुसले जाते. सीक्वेन्स याला अपवाद आहे. दिलेला आकडा दिला. व्यवहार मागे घेतला तरी आकडा परत येत नाही. असे केले नसते तर शंभर जण एकाच वेळी नोंदी करताना प्रत्येकाला आधीच्याचा व्यवहार संपेपर्यंत थांबावे लागले असते. वेगासाठी सीक्वेन्स व्यवहाराच्या शिस्तीबाहेर ठेवला गेला. शिवाय पोस्टग्रेस प्रत्येक आकडा लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहीत बसत नाही. एकदम ३२ आकडे पुढचे लिहून ठेवतो आणि मग तेवढे आकडे लॉगला हात न लावता देतो. वीज जाऊन सर्व्हर कोसळला तर उठल्यावर त्यांतले काही आकडे वगळून तो पुढे जातो. पुन्हा तोच आकडा देण्यापेक्षा काही आकडे वाया गेलेले बरे, असा त्यामागचा विचार आहे.

तार्किक प्रतिकरण मात्र उभे आहे ते व्यवहारांवर. पूर्ण झालेला व्यवहार पलीकडे पाठवायचा, मागे घेतलेला पाठवायचा नाही. व्यवहाराच्या शिस्तीबाहेरची वस्तू या प्रवाहात कुठे बसवायची? त्यात आणखी एक पेच असा की सीक्वेन्स ज्या व्यवहारात तयार होतो किंवा नव्याने मांडला जातो, त्या व्यवहारापुरता तो शिस्तीत असतो आणि नंतर बाहेर पडतो. २०२२ मध्ये पोस्टग्रेसच्या विकासकांनी सीक्वेन्सचे बदल प्रवाहातून पाठवण्याची सोय १५ व्या आवृत्तीसाठी घालून पाहिली आणि काही आठवड्यांत मागे घेतली. शंका उरली असताना सोय न देणे, हा निर्णय मला धीराचा आणि योग्य वाटतो.

पुढे विचाराची दिशा बदलली. सीक्वेन्सचा प्रत्येक बदल क्षणोक्षणी पाठवायची खरोखर गरज आहे का? पलीकडच्या सर्व्हरवर कोणी नवी ओळ घालत नाही तोवर त्याच्या सीक्वेन्सला काही कामच नसते. त्याची किंमत बरोबर हवी ती एकाच क्षणी, कारभार हलवण्याच्या वेळी. मग प्रवाहाऐवजी, सांगू तेव्हा मूळ सर्व्हरकडून सगळ्या सीक्वेन्सच्या ताज्या किमती आणून बसवणारी एक आज्ञा असली तर पुरे. २०२५ च्या अखेरीस १९ व्या आवृत्तीसाठीच्या कामात ही सोय दाखल झाली. पब्लिशरवर ‘सगळे सीक्वेन्स’ प्रसिद्ध करता येतात आणि सबस्क्रायबरवर ‘रिफ्रेश सीक्वेन्सेस’ ही आज्ञा दिली की एक स्वतंत्र कामगार प्रक्रिया किमती आणून बसवते. हे आपोआप सतत चालत नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. आज्ञा दिल्यानंतर मूळ सर्व्हरवर नोंदी होत राहिल्या तर अंतर पुन्हा पडते.

ज्यांच्याकडे आधीच्या आवृत्त्या आहेत, आणि बहुतेकांकडे त्याच आहेत, त्यांना हे काम हाताने करावे लागते. सीक्वेन्सला किंमत बसवणारे फंक्शन ‘सेटव्हॅल’. बहुतेक जण तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा काढतात आणि तो सेटव्हॅलला देतात. हे बहुधा चालते, पण त्यात एक खड्डा आहे. समजा ५२,००० वा अर्ज दुबार म्हणून काढून टाकला. तक्त्यात आता मोठ्यात मोठा आकडा ५१,९९९. सीक्वेन्स त्यावर बसवला तर ५२,००० हा आकडा दुसऱ्याला मिळेल. पण पहिल्या अर्जदाराच्या पावतीवर, पत्रव्यवहारात, तपासणीच्या नोंदीत तोच आकडा आधी गेलेला आहे. म्हणून मोठ्यात मोठा आकडा तक्त्याकडून न घेता मूळ सर्व्हरच्या सीक्वेन्सकडूनच घ्यावा. तो विसरत नाही. रिकाम्या तक्त्याकडे तर मोठा आकडा नसतोच. तिथे ही युक्ती काहीच न करता पुढे जाते.

क्रमही नीट लागतो. आधी जुन्या सर्व्हरवर नवी नोंद बंद करायची. मग उरलेले बदल पलीकडे पोचले याची खात्री करायची. मग सीक्वेन्स बसवायचे आणि प्रत्येकाची दोन्हीकडची किंमत शेजारी मांडून पाहायची. नोंदी नव्या सर्व्हरवर सुरू करायच्या त्या यानंतरच. सीक्वेन्स आधी बसवून नोंदी नंतर बंद केल्या तर मधल्या काही मिनिटांत दिलेले आकडे हिशेबाबाहेर राहतात. जुना सर्व्हर अचानक कोसळला आणि त्याला विचारण्याची सोयच उरली नाही, तर पलीकडच्या तक्त्यातल्या मोठ्यात मोठ्या आकड्यापुढे हजार-दोन हजारांची उडी मारून सुरुवात करतात. पोचायच्या राहिलेल्या नोंदींना जागा सोडून. अंतर्गत क्रमांकांसाठी ही उडी निर्धोक आहे. आकडे वाया गेले तर बिघडत काही नाही.

फेरफाराच्या क्रमांकासाठी मात्र ती चालणार नाही, आणि इथे आपण पुन्हा सहा नंबरच्या वहीपाशी येतो. वहीत नामंजूर नोंद आपल्या क्रमांकासह शेऱ्यासकट राहते. सीक्वेन्समध्ये मागे घेतलेल्या व्यवहाराचा आकडा मागमूस न ठेवता नाहीसा होतो. दोन्ही ठिकाणी दिलेला आकडा परत मिळत नाही हे खरे, पण एका ठिकाणी तो का गेला याचा कागद आहे, दुसऱ्या ठिकाणी नुसती पोकळी. जिथे कायद्याला किंवा लोकांच्या विश्वासाला सलग क्रमांक हवा, तिथे सीक्वेन्स हे मुळात चुकीचे हत्यार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिथे काय वापरावे? एक साधा तक्ता. प्रत्येक गावाला एक ओळ, त्यात गावाचा संकेतांक आणि शेवटचा दिलेला क्रमांक. नवी नोंद करताना त्याच व्यवहारात त्या गावाची ओळ धरून ठेवायची, क्रमांक एकने वाढवायचा, नोंद लिहायची आणि व्यवहार पूर्ण करायचा. व्यवहार फसला तर वाढवलेला क्रमांकही मागे जातो, खंड पडत नाही. यात एका वेळी एकाच नोंदीला वाट मिळते, म्हणून गर्दीच्या प्रणालीत हा मार्ग टाळतात. पण इथे गर्दी गावागणिक वाटलेली आहे. पासलीची ओळ धरली म्हणून आंबवड्याचे काम अडत नाही, आणि एकाच गावात एकाच क्षणी दोन फेरफार नोंदवायची वेळ क्वचितच येते. किंमत नगण्य, फायदा मोठा. आणि दुसरा फायदा प्रतिकरणाचा : हा साधा तक्ता असल्यामुळे त्याच्या ओळी तार्किक प्रतिकरणातून इतर ओळींसारख्याच पलीकडे जातात. मोजणी स्वतःच नोंद झाली, की ती मागे राहत नाही.

तरीही एक धोका उरतो. तार्किक प्रतिकरण साधारणपणे थोडे मागून चालते. मूळ सर्व्हर कोसळण्याच्या क्षणी शेवटच्या काही नोंदी पलीकडे पोचलेल्या नसतील. समजा त्यांतल्या एका फेरफाराची नोटीस छापून गावात लागलेली आहे. नव्या सर्व्हरला तो क्रमांक माहीत नाही. तो दुसऱ्याच नोंदीला देईल. क्रमांक एकमेव ठेवणाऱ्या निर्बंधाला इथे काही पकडता येत नाही, कारण नव्या सर्व्हरपुरता तो क्रमांक एकदाच दिलेला आहे. याला उपाय दोनच. मूळ सर्व्हरने पलीकडून पोच आल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजायचा नाही, म्हणजे वेग थोडा सोडायचा. किंवा कारभार पुन्हा सुरू करण्याआधी बाहेर गेलेल्या कागदांशी क्रमांक ताडून पाहायचे. आपल्याकडे फेरफाराची सूचना ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर जाहीर होते, आणि २०२० साली सातबाराच्या नमुन्यात जे बदल झाले त्यांत शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख छापण्याची सोय झाली. अशा उघड नोंदी पारदर्शकतेसाठी केलेल्या असतात. अडचणीच्या दिवशी ताडून पाहायला त्याच उपयोगी पडतात.

त्याच बदलांत गावाच्या नावासोबत गावाचा संकेतांक सातबारावर आला, त्याचेही महत्त्व इथे कळते. नावे बदलतात. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याआधी संस्थानातल्या तालुक्यांची नावे किल्ल्यांवरून होती. त्यांत राजगडही होता आणि प्रचंडगड, म्हणजे तोरणाही. मोजणीची ओळ नावाला बांधलेली असेल तर नाव बदलल्यावर नवी ओळ तयार होऊन आकडा एकपासून सुरू होण्याचा धोका असतो. संकेतांकाला बांधलेली असेल तर पाटी बदलते, मोजणी चालू राहते.

काही जण म्हणतात, ही सगळी कटकट सोडून प्रत्येक नोंदीला लांबलचक यादृच्छिक ओळखक्रमांक द्यावा, म्हणजे जुळवायचे काही राहतच नाही. पोस्टग्रेसच्या १८ व्या आवृत्तीत, २०२५ मध्ये, वेळेच्या क्रमाने वाढणारा असा ओळखक्रमांक तयार करण्याची सोयही आली. यंत्राने यंत्राशी बोलायच्या कामाला तो उत्तम आहे, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी होत असतील तर मी तोच सुचवीन. पण छत्तीस अक्षरांचा ओळखक्रमांक चावडीवर कोणाला वाचून दाखवता येत नाही, आणि मधली एखादी नोंद गायब झाली तर त्यावरून ते कळतही नाही. शेतकऱ्याला आणि त्याच्या वकिलाला सलग आकडाच हवा.

डेटाबेस हलवण्याचे काम ज्यांच्याकडे येते, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. ओळी जुळल्या म्हणून काम संपले असे समजू नका. प्रणालीतल्या प्रत्येक मोजणीची यादी करा, कोणती सलग हवी आणि कोणती नुसती वेगळी असली तरी चालेल हे कायद्याच्या आणि कामाच्या जाणकारांना विचारून लिहून ठेवा, आणि नोंदी सुरू करण्याआधी जुन्या आणि नव्या सर्व्हरची किंमत दोन रकान्यांत छापून त्यावर दोघांच्या सह्या घ्या.